रोप रेस्क्यू शिकायचंय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा लागला की आम्हाला दोन तऱ्हेचे फोन येतात. कुणीतरी कुठेतरी अडकलंय, हा एक. त्याची बातमी दुसऱ्या दिवशी पेपरात वाचून ‘मलाही तुमच्या टीममध्ये यायचंय’, हा दुसरा. पहिल्या फोनचं उत्तर सॅक उचलून निघणं एवढंच असतं. दुसऱ्याची उत्तरं देऊन देऊन पाठ झाली आहेत, म्हणून ती इथे लिहून ठेवली. ‘आम्ही’ म्हणजे घाटमाथ्यावर राहणारे, नोकरी-धंदा सांभाळून दोर लावणारे स्वयंसेवक. त्यामुळे इथलं बरंचसं सह्याद्रीपुरतं आहे.

रोप रेस्क्यू टेक्निशियन म्हणजे नेमका कोण?

हा शब्द अमेरिकेतून आला. तिथल्या अग्निसुरक्षा मानकांमध्ये दोराच्या बचावकामाच्या तीन पायऱ्या आहेत: अवेअरनेस, ऑपरेशन्स आणि टेक्निशियन. पहिल्या पायरीवरच्याला धोका ओळखता येतो आणि योग्य माणसांना बोलावता येतं. दुसऱ्या पायरीवरचा ठरलेली साधी पद्धत हाताळतो. टेक्निशियनकडून अपेक्षा असते ती अवघड जागी स्वतः रचना उभी करण्याची आणि काम अर्ध्यावर असताना ती बदलता येण्याची.

आपल्याकडे डोंगरातल्या स्वयंसेवकाला असा बिल्ला कुणी देत नाही. आमच्यात टेक्निशियन कुणाला म्हणायचं याची कसोटी घरगुती आहे. ज्याने लावलेल्या अँकरकडे, म्हणजे दोर ज्याला बांधतो त्या आधाराकडे, बाकीचे पुन्हा पाहतात (पाहायलाच हवं), पण सहसा त्यांना त्यात काही हलवावं लागत नाही, तो टेक्निशियन.

मला रॅपलिंग येतं, दहा वर्षं ट्रेक करतोय. थेट टीममध्ये येऊ का?

या, पण ‘थेट’ हा शब्द घरी ठेवून या. रॅपलिंगमध्ये, म्हणजे दोरावरून कडा उतरताना, जागा तुम्ही निवडता, हवा बघून जाता, वजन तुमचं एकट्याचं असतं आणि ते खाली चाललेलं असतं. रेस्क्यूमध्ये जागा पडलेल्या माणसाने निवडलेली असते, बहुतेक वेळा संध्याकाळ झालेली असते, आणि वजन दोघांचं अधिक स्ट्रेचरचं. त्यातही ते अनेकदा वर ओढायचं असतं. खाली जाणारा दोर चढत्या दोरात बदलणं, मध्ये अडकलेली गाठ पुलीपलीकडे काढणं, दोरावर लटकलेल्या माणसाचं वजन आपल्या हार्नेसवर, म्हणजे अंगावरच्या पट्ट्यांवर, घेऊन त्याचा दोर सोडवणं, हे रॅपलिंगच्या शिबिरात कुणी शिकवत नाही.

तुमची दहा वर्षं वाया जाणार नाहीत. अंधारात घळ कुठून उतरते, कारवीच्या रानात पायाखाली काय असेल, कुठल्या वाडीतून वाट निघते, हे पुस्तकात सापडत नाही. कित्येक रेस्क्यूंमध्ये दोर बाहेर काढावाच लागत नाही. वाट चुकलेल्या पोरांना हाक मारत शोधायचं, पाणी पाजायचं आणि हाताला धरून खाली आणायचं, एवढंच काम असतं.

प्रमाणपत्र कुठून घ्यायचं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि त्याचं उत्तर तुम्हाला हे काम कुठे करायचंय त्यावर ठरतं.

डोंगरात करायचं असेल तर गिर्यारोहणाचा पाया हवा. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था, म्हणजे आपली ‘निम’ (स्थापना १९६५), आणि दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट (१९५४) इथे आधी बेसिक, मग ॲडव्हान्स असे कोर्स होतात. निममध्ये त्यापुढे सर्च अँड रेस्क्यूचा वेगळा कोर्स आहे. त्याला ॲडव्हान्स झालेला असावा लागतो. बेसिक साधारण चार आठवड्यांचा. जागा लवकर भरतात, म्हणून ‘यंदाच्या मे महिन्यात करतो’ असं एप्रिलमध्ये ठरवू नका. पुण्यात गिरिप्रेमी या गिर्यारोहण संस्थेच्या मंडळींनी सुरू केलेली गार्डियन गिरिप्रेमी इन्स्टिट्यूट आहे. शिवाय बऱ्याच जुन्या गिर्यारोहण संस्था सह्याद्रीतच प्रस्तरारोहणाची शिबिरं घेतात. माझं स्वतःचं मत असं की आधी इथल्या कातळावर हात बसवावा आणि मग हिमालयात जावं. पण उलट क्रमाने शिकलेले उत्तम लोकही टीममध्ये आहेत.

उंच इमारती, पवनचक्क्या, तेलविहिरींचे फलाट इथे दोरावर लटकून पोटापाण्याचं काम करायचं असेल तर ‘इराटा’ या दोरावरच्या कामाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं प्रमाणपत्र चालतं. त्याच्या तीन पातळ्या आहेत. वय किमान १८, चार दिवस प्रशिक्षण आणि मग बाहेरच्या परीक्षकासमोर एक दिवस परीक्षा. पहिल्या पातळीवरून दुसरीवर जायला एक वर्ष आणि दोरावरचे १,००० तास लागतात; दुसरीवरून तिसरीवर जायला पुन्हा तेवढंच. प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं. त्यातली शिस्त पाहण्यासारखी आहे: शरीर कायम दोन वेगळ्या दोरांना जोडलेलं, आणि तासांची नोंद वहीत. पण तिथले अँकर आधीच तपासलेले, कडा काँक्रीटची आणि सहकाऱ्याच्या अंगावर हार्नेस असतोच. दरीत पडलेल्याच्या अंगावर फार तर रेनकोट असतो.

तिसरा मार्ग गणवेशातला. एनडीआरएफमध्ये थेट भरती होत नाही. सीमा सुरक्षा दल, सीआरपीएफ, आयटीबीपी अशा केंद्रीय दलांतले जवान तिथे प्रतिनियुक्तीवर येतात. पाचवी बटालियन आपल्या तळेगावजवळ सुदुंबऱ्याला आहे. अग्निशमन दलात जायचं असेल तर नागपूरचं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहेच.

यांपैकी कुठलाही कागद घेऊन आलात तरी पहिले काही महिने आमच्याकडे तुम्ही दोरच गुंडाळणार आहात.

म्हणजे एकूण किती वेळ लागतो?

हाताशी येऊन मदत करण्याइतपत व्हायला एक पूर्ण पावसाळा. स्वतः अँकर लावण्याइतपत व्हायला तीन-चार वर्षं, तेही महिन्यातून दोन रविवार देत असाल तर. कोर्स काही आठवड्यांत संपतो, पण सराव सोडला की गाठ विसरायलाही तेवढेच दिवस पुरतात.

वय, तब्येत, शिक्षण?

अठरा पूर्ण. वरची मर्यादा नाही. आमच्यातले सगळ्यात भरवशाचे बिले देणारे (म्हणजे दुसऱ्याचा सुरक्षेचा दोर धरणारे) काका साठीच्या पुढचे आहेत. शिक्षण विचारत नाही. दमा, फिट, हृदयाचा त्रास असेल तर आधी सांगा. काम नाकारणार नाही, जागा बदलू. मुली येऊ शकतात का, असं अजून विचारलं जातं. येतात, आणि अरुंद कपारीत उतरायचं असेल तर चणीने लहान माणूस आधी पाठवतो, मग तो मुलगा असो की मुलगी.

मला उंचीची भीती वाटते.

बरं आहे. ज्याला अजिबात वाटत नाही त्याला आम्ही कड्यापासून लांब ठेवतो.

किती गाठी यायला हव्यात?

नवीन मुलं मोबाइलवर बघून चाळीस गाठी शिकून येतात. आमचं काम आठ-दहांत भागतं. आठाची गाठ आणि तिची भावंडं, बटरफ्लाय, क्लोव्ह हिच, मुंटर, टेपसाठी, म्हणजे चपट्या पट्टीसाठी, वॉटर नॉट, दोरीचं कडं करायला डबल फिशरमन, आणि प्रुसिक. प्रुसिक ऑस्ट्रियाच्या कार्ल प्रुसिक यांच्या नावाने ओळखली जाते. १९३१ साली त्यांनी ती गिर्यारोहकांपुढे आणली. बारीक दोरी जाड दोराभोवती गुंडाळायची. वजन आलं की आवळते, वजन काढलं की सरकते. जुमार, म्हणजे दोरावर चढायची पकड, तुटला, हरवला, दरीत पडला, तरी दोन प्रुसिक खिशात असले की माणूस वर येतो.

संख्येपेक्षा आम्ही दोन गोष्टी बघतो. एक, गाठ ‘बसवलेली’ आहे का, म्हणजे पदर एकमेकांवर न चढता समांतर आणि घट्ट ओढलेले. नीट बसवलेली गाठ टॉर्चच्या उजेडात एका नजरेत तपासता येते. दोन, ओल्या हातांनी, अंधारात, कुणीतरी शेजारी ओरडत असताना ती जमते का. म्हणून सरावात आम्ही मुद्दाम ओरडतो. राग मानू नये.

अँकरचं एवढं काय? झाडाला बांधलं की झालं ना?

कधी कधी होतंही. चांगलं मुरलेलं, जिवंत, मुळं कातळात गेलेलं झाड मिळालं तर त्याच्यासारखा अँकर नाही. पण कड्याच्या टोकावरची झाडं फसवतात. खाली हातभर मातीचा थर आणि त्याखाली गुळगुळीत कातळ असेल तर आठ दिवसांच्या पावसानंतर ते झाड म्हणजे कुंडीतलं रोप.

हे गणित एकदा नीट समजून घ्या. जखमी माणूस, सोबत उतरलेला साथीदार आणि स्ट्रेचर मिळून २०० किलो धरू. दोन अँकर एकत्र जोडलेत. त्यांच्यातला कोन अगदी लहान असेल तर प्रत्येकावर १०० किलो येतात. कोन ६० अंशांचा झाला की ११५. ९० अंशांना १४१. आणि १२० अंशांना प्रत्येकावर पुरते २०० किलो, म्हणजे दोन अँकर लावून वाटणी काहीच झाली नाही. १५० अंशांना प्रत्येकावर ३८६. दोन झाडं लांब लांब आहेत म्हणून त्यांच्यात आडवा दोर ताणून मधोमध वजन लटकवणारे हौशी लोक नेमकी हीच चूक करतात. व्हॅली क्रॉसिंगचा, म्हणजे दरी ओलांडायला बांधलेला, दोर तारेसारखा ताणला की दिसतो छान, पण अँकरवर येणारा भार कित्येक पट होतो. त्याला झोळ हवाच.

घाटातल्या अपघातात रस्त्यावर उभं मोठं वाहन हाही अँकर असतो. दोर बंपरला बांधायचा नाही, चेसिसला बांधायचा. हँडब्रेक लावून चाकांना दगड द्यायचे, आणि चावी काढून अँकर बघणाऱ्याच्या खिशात. एकदा आमच्या सरावात ड्रायव्हर ‘जरा बाजूला घेतो’ म्हणून गाडीत चढला होता. दोरावर तेव्हा कुणी नव्हतं, म्हणून आज ते हसत सांगता येतं.

वर ओढायला दहा माणसं लावली तर पुली कशाला?

दहा माणसं एका लयीत ओढत नाहीत, झटके देतात. शिवाय स्ट्रेचर कपारीखाली अडकलं तर दहाजणांना ते कळत नाही, ते आणखी जोर लावतात. अशाने दोर, अँकर किंवा खालच्या माणसाचं हाड, काहीतरी मोडतं.

म्हणून तीनास एक. दोराची ‘झेड’ करून एक चल पुली लावली की कागदावर २०० किलोला ६७ किलोचा जोर पुरतो. पण पुलीत घर्षण असतं. चांगल्या बेअरिंगच्या पुल्या असतील तर तीनाच्या जागी पावणेतीनच्या आसपास फायदा मिळतो. पुल्या नाहीत म्हणून नुसते कॅराबिनर (दोर अडकवायच्या धातूच्या कड्या) वापरले तर तो दोनाच्याही खाली येतो. त्यात दोर कड्याच्या धारेवर घासत असेल तर विचारायलाच नको. जुन्या फायर होजचा तुकडा किंवा दुमडलेलं पोतं धारेखाली घालणं आणि त्यावर एक माणूस बसवणं, हे आमच्यातलं सगळ्यात कमी फोटो येणारं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम.

एक दोर पुरतो की दोन?

दोन. माणूस खाली असेल तर कायम दोन, वेगळ्या अँकरवर. वाद आहे तो वेगळाच: एका दोरावर सगळं वजन आणि दुसरा सैल राखीव, की दोन्हींवर निम्मं निम्मं? जुने लोक पहिली पद्धत शिकले. आता दुसरीकडे कल वाढलाय, कारण एक दोर तुटला तर सैल दोरावर माणूस आधी पडतो आणि मग थांबतो. ताणलेल्या दोरावर तो फारसा खाली जातच नाही. आमच्याकडे साहित्य आणि माणसं बघून ठरतं. दोन्ही यायला हव्यात.

दोर स्टॅटिक हवा, म्हणजे कमी ताणला जाणारा, साधारण ११ मिलिमीटरचा. चढाईचा डायनॅमिक दोर रबरासारखा ताणतो. पडणाऱ्याला तो वाचवतो, पण स्ट्रेचर त्यावर यो-यो होतं. युरोपीय मानकात अशा ‘ए’ प्रकारच्या स्टॅटिक दोराला २२ किलोन्यूटन ताण सोसावा लागतो, म्हणजे सव्वादोन टनांच्या आसपास. गाठ मारली की त्यातला पाव ते एक तृतीयांश भाग गेला समजा.

सह्याद्रीत शिकणं वेगळं काय असतं?

आपला कातळ बेसाल्टचा, लाव्हाचे थर एकावर एक. एखादा थर पोलादासारखा, त्याच्याखालचा मुरमाड, हातात चुरा होणारा. दोर नुसता हलला तरी सुटे दगड खाली जातात. म्हणून आम्ही जखमीच्या थेट वरून सहसा उतरत नाही, बाजूने उतरतो. आपल्या पायाने सुटलेला दगड त्याच्या डोक्यात घालायचा नसतो.

पावसाळ्यात धबधबा हा स्वतंत्र विषय. दोरावर लटकलेला माणूस पाण्याच्या धारेखाली गेला की श्वास घेता येत नाही, दोर जड होतो, आणि वरचा आवाज खाली पोचत नाही. तिथे शिट्टीच्या खुणा: एक म्हणजे थांबा, बाकीच्या सरावात शिकवतो. आणि थंडी. जुलैत माथ्यावर भिजून वाऱ्यात चार तास बसलेला मुलगा थरथरायचा थांबला तर त्याला बरं वाटू लागलंय असं समजू नका, उलट घाई करा.

उन्हाळ्यात आग्या मोहोळ. कड्याच्या पोटात लटकणारी ती काळी पोळी आधी दुर्बिणीने शोधायची. खाली परफ्यूम मारून आलेला असो की शेकोटी पेटवून बसलेला, माश्या उठल्या की दोरावरच्या माणसाला पळता येत नाही. मोहोळ असलेल्या कड्यावर आम्ही रात्र पडायची वाट बघितलेली आहे, खाली माणूस कण्हत असताना. तो निर्णय घेणाऱ्याला त्या रात्री काय वाटलं, ते त्यालाच माहीत.

हार्नेसवर लटकून बेशुद्ध पडलेल्याला आडवं करू नये, असं ऐकलंय.

जुन्या शिबिरांत तसं शिकवत, मीही तसंच शिकलो होतो. ते आता मागे पडलंय. ब्रिटनच्या आरोग्य आणि सुरक्षा खात्याने पुरावे तपासून घेतले. बसवून ठेवण्याने फायदा होतो असं काही त्यात निघालं नाही. निश्चल लटकलेल्याला लवकरात लवकर खाली घ्या, आडवं करा, श्वास बघा, नेहमीचे प्रथमोपचार करा. तोवर शुद्धीत असेल तर पाय हलवत राहायला सांगा किंवा पायाखाली टेपचा फास द्या.

विहिरीत पडलेल्याला काढणं सोपं असेल ना?

विहिरी डोंगरापेक्षा जास्त माणसं खातात, कारण त्या ओळखीच्या वाटतात. २०२४ च्या एप्रिलमध्ये नेवासे तालुक्यातल्या वाकडी गावात बायोगॅसच्या शेणाचा खड्डा म्हणून वापरात असलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडलं. त्याला काढायला एक उतरला, त्याला काढायला दुसरा, असे पाच जण गेले. बंद खड्ड्यात, वापरात नसलेल्या विहिरीत विषारी वायू असतो किंवा प्राणवायूच नसतो. अशा ठिकाणी कितीही उत्तम दोर लावला तरी श्वसनयंत्राशिवाय कुणी उतरायचं नाही, अग्निशमन दलाला बोलवायचं. आमच्या प्रशिक्षणात नवीन माणसाला ‘मी उतरणार नाही’ हे मोठ्याने म्हणायला लावतो. ऐकायला पोरखेळ वाटतो, पण गावातले शंभर लोक भोवती उभे राहून ‘अरे जा ना’ म्हणत असताना हे वाक्य तोंडातून निघत नाही.

सामान काय घ्यावं लागेल?

पहिल्या वर्षी हेल्मेट, हेडलाइट, जाड चामड्याचे हातमोजे आणि चांगले बूट. हार्नेस घ्यायचा झाला तर नवा घ्या. दोर, हार्नेस, स्लिंग (पट्टीचं शिवलेलं कडं) कधीही जुन्या बाजारातून घेऊ नका. त्यांनी काय सोसलंय ते कापड सांगत नाही. बरेच उत्पादक या कापडी वस्तूंना बनवल्या तारखेपासून जास्तीत जास्त दहा वर्षं देतात. जोराचा झटका बसला, रसायन सांडलं तर त्याच दिवशी निरोप. दोर, पुल्या, स्ट्रेचर टीमचं असतं.

पैसे मिळतात का?

स्वयंसेवकाला नाही. पेट्रोलही बहुधा खिशातलं. वडापाव मात्र हमखास मिळतो, कधी पोलीस देतात, कधी वाडीतली माणसं चुलीवरचं पिठलं-भाकरी पुढे करतात.

दर वेळी माणूस जिवंत मिळतो का?

नाही. हे आधीच सांगतो, कारण नंतर कळलं की लोक सोडून जातात. २८ जुलै २०१८ ला आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस दरीत गेली. एकच प्रवासी वाचला. महाबळेश्वर-पोलादपूरकडच्या ट्रेकर मंडळींनी पुढचे कित्येक तास जे वर आणलं, ते मृतदेह होते. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड आली. यंत्रं वर चढवता येईनात, म्हणून चिखलात पायी चढून गेलेल्यांनी फावड्यांनी उकरलं. २७ मृतदेह मिळाले, शोध थांबवला तेव्हा ५७ माणसं बेपत्ता होती.

मृतदेह काढतानाही अँकर दोनच लागतात आणि घाई करायची नसते; मेलेल्यासाठी जिवंत माणूस धोक्यात घालायचा नाही, हा नियम आहे. तरी वर नातेवाईक बसलेले असतात, त्यांच्यासमोर स्ट्रेचर आदळू नये म्हणून शेवटचे वीस फूट सगळ्यात हळू घेतो. अशा कामानंतर आम्ही लगेच घरी पांगत नाही. चहाच्या टपरीवर तासभर बसतो. कुणी बोलतं, कुणी नाही. झोप लागत नसेल, पुन्हा पुन्हा तेच दिसत असेल तर डॉक्टरकडे जायचं, आमच्यातले गेलेत.

घरचे नको म्हणतात.

आईला एका रविवारी सरावाला घेऊन या. तिने स्वतः अँकर ओढून पाहिला की निम्मं काम होतं. उरलेलं निम्मं कधीच होत नाही.

बातमी कळली तर मी थेट तिकडे पोचू का?

नको. आधी ११२ ला कळवलं गेलंय का ते बघा, मग टीमच्या निरोपाची वाट पाहा. राज्यातल्या टीमना जोडणारं महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर आहे. जवळची टीम कुठली, आणखी कोण लागेल, हे तिथून ठरतं. न बोलावता आलेली वीस उत्साही माणसं म्हणजे अरुंद वाटेवर वीस अडथळे. पण स्ट्रेचर पायथ्यापर्यंत उचलायला माणसं कमी पडतातच. सहाजण धरतात, दहा-पंधरा मिनिटांत खांदे भरून येतात, म्हणून बदलीच्या दोन-तीन तुकड्या लागतात. तेव्हा निरोप येईल, फोन चालू ठेवा.

पहिल्या रविवारी काय शिकवणार?

सकाळी सात वाजता या, न्याहारी करून. आधी दोर तपासायचा: दोन्ही हातांनी, इंचाइंचाने, डोळे मिटून बोटांना कुठे मऊ किंवा फुगीर लागतंय का बघत. ५० मीटरला पाऊण तास लागतो. मग तो पिशवीत भरायचा. मग आठाची गाठ, दुपारपर्यंत. जेवण झाल्यावर तुम्हाला स्ट्रेचरमध्ये बांधून आम्ही टेकाडावरून खाली-वर नेणार. डोक्याशी उभा असलेला माणूस तुमच्याशी सतत बोलत राहील. तो गप्प झाला की कसं वाटतं तेही बघून घ्या; पुढच्या वेळी तिथे तुम्हाला उभं राहायचंय. येताना जुने कपडे घाला, आणि दोन लिटर पाणी आणा.